भावोजींचा खांदा

माझे भावोजी टीव्हीवर दिसतात, असं आम्ही लोकांना सांगतो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. टीव्हीवर भावोजींचा उजवा खांदा दिसतो. दिवस चांगला असेल तर खांद्याबरोबर कानही दिसतो. एकदा मानेवरचा तीळसुद्धा दिसला होता, तेव्हा ताईने मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं.

आमची आई रोज संध्याकाळी जावयाची मालिका बघायला बसते. आई म्हणजे तिखट जिभेची बाई. पडद्यावर नायिका हमसून हमसून रडत असते, आणि आईचं लक्ष मात्र पडद्याच्या कोपऱ्यात. "आला बघ आपला खांदा," ती म्हणते. "आज शर्ट इस्त्रीचा आहे हो! चला, एवढं तरी बरं झालं." मग सुस्कारा सोडून नेहमीचं वाक्य म्हणते, "मुलगी दिली ती पूर्ण माणसाला दिली होती. मिळतोय तो खांदा."

हा खांद्याचा प्रकार काय आहे ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्या घराण्यात काही तरी भलतंच चालू आहे. पडद्यावर दोन माणसं एकमेकांशी बोलताना दिसतात, ती पुष्कळदा एकमेकांसमोर नसतातच. आधी एकाचा चेहरा जवळून घेतात. त्याचं झालं की तो कपडे बदलून पुढच्या कामाला पळतो. मग दुसऱ्याचा चेहरा घेतात. आता या दुसऱ्याने बोलायचं कुणाशी, रडायचं कुणाकडे बघून? त्यासाठी कॅमेऱ्याच्या शेजारी कुणीतरी उभं राहून गेलेल्या माणसाची वाक्यं म्हणायची असतात. त्याला ते लोक क्यू देणं म्हणतात. हे काम बहुधा एखाद्या सहायकाच्या गळ्यात पडतं, आणि तो "मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही" हे वाक्य गाड्यांचं वेळापत्रक वाचावं तसं वाचतो.

भावोजी तसं वाचत नाहीत. तिथेच त्यांचं नशीब उघडलं, आणि तिथेच अडकलंही.

ते या धंद्यात आले ते चेहरा घेऊनच. कॉलेजात नाटकं केली होती, आवाज भरदार होता, नाकडोळे ठीकठाक होते. पहिलंच काम पोस्टमनचं होतं. दारात यायचं, पाकीट द्यायचं, जायचं. त्या दिवशी नायिकेला वडील गेल्याची बातमी कळते असा प्रसंग होता आणि बातमी सांगणारा नट केव्हाच घरी गेला होता. "अहो पोस्टमन, तुम्ही जरा उभे राहता का?" असं कुणीतरी म्हणालं. पोस्टमन उभे राहिले. ते वाक्य त्यांनी असं काही म्हटलं, की नायिका खरंच रडायला लागली. ग्लिसरीनची बाटली उघडावीसुद्धा लागली नाही. कॅमेरामन रडला. पंखा धरून उभा असलेला माणूस पंखा सोडून डोळे पुसायला लागला, म्हणून तो प्रसंग पुन्हा घ्यावा लागला, तर दुसऱ्यांदाही सगळे रडले.

पोस्टमनचा प्रसंग पुढे लांबी वाढली म्हणून कापला. भावोजी मात्र राहिले. तेव्हापासून युनिटमध्ये त्यांचं नाव पडलं 'समोरचे'. रडण्याचा, भांडणाचा, कबुलीचा प्रसंग आला की आरोळी उठते, "समोरच्यांना बोलवा!" खांद्यावरून कॅमेरा लावायचा असेल तर खांदाही त्यांचाच. नायक, खलनायक, वकील, सगळ्यांच्या कोटात तो खांदा बसतो. आई याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणते. मी त्यांना म्हणायचे, "भावोजी, तुम्ही सगळ्यांच्या लग्नात नाचता. स्वतःच्या लग्नात तरी नाचला होतात का?"

"मेहुणीबाई," ते म्हणायचे, "समोरचा नीट नसेल तर जगात कुणालाच धड रडता येत नाही."

पण खरं सांगते, मला ते पटायचं नाही. मला राग यायचा. ज्यांना त्यांनी रडवलं त्या सगळ्यांना मानमरातब मिळाले. त्यातल्या एकीने मंचावर उभं राहून आईवडिलांचे, गुरूंचे, आपल्या मांजराचे आभार मानले. समोरच्यांचं नाव तिच्या ओठांवर आलं नाही. आम्ही घरी बसून ते बघत होतो. भावोजी म्हणाले, "मांजर गोड आहे हं तिचं."

चेहऱ्याची कामं अधूनमधून मिळायची, पण काहीतरी घोडं अडायचंच. एकदा पाहुण्याचं काम मिळालं तर टेबलावर मध्येच फुलदाणी. एकदा चेहरा स्वच्छ आला, तर त्याच्यावरूनच कामगारांच्या नावांची यादी सरकत गेली. आई म्हणाली, "आज जावई दिसले हो, पण कुणाच्या तरी आडनावाखाली."

त्यांच्या घरातली तालीम मात्र बघण्यासारखी. ताई दवाखान्यात ड्रेसिंग करायच्या कामावर आहे. पाय सुजवून घरी येते, चष्मा लावते आणि एका हाताने शेंगा सोलत दुसऱ्या हातात कागद धरते. उद्या ज्याचा चेहरा दिसणार असेल त्याची वाक्यं ती वाचते, आणि भावोजी समोरचे होतात. ते खुनी होतात, सावकार होतात, सासू होतात. एकदा तर नायक कुत्र्याशी बोलतो त्या प्रसंगात त्यांनी कुत्र्याचं मन लावून काम केलं होतं. शेजारच्यांना या घरातून रोज नव्या माणसाचा आवाज ऐकू येतो. पहिल्या वर्षी ते विचारायला यायचे. आता नुसतं भिंतीवर ठोकतात.

ताईचं वाचन म्हणजे अगदी सपाट. आवाजात चढ नाही, उतार नाही. कंसातल्या सूचनासुद्धा ती वाक्यातच वाचून टाकते. "मी तुला कधीच विसरलो नाही तो खिडकीकडे जातो दूध आणलंत का?" यातलं शेवटचं तिचं स्वतःचं असतं. पण प्रत्येक वाक्य संपलं की ती चष्म्यावरून भावोजींकडे बघते. ऐकते ते मनापासून. पुरुषासारखा पुरुष सासूचं काम करत असतो, आणि ही सुनेचे डोळे घेऊन बघत बसते.

तालीम संपली की ती त्याच सपाट आवाजात विचारते, "आत्ता जेवणार की थांबणार?" भावोजींचं उत्तर लग्नापासून ठरलेलं आहे. "तू म्हणशील तसं." पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे? तू म्हणशील तसं. या रविवारी आईकडे जायचं का? तू म्हणशील तसं. मी म्हणायचे, या माणसाच्या आयुष्यात स्वतःचं असं हे एकच वाक्य आहे.

मग एक सिनेमा आला. सिनेमा छोटा होता, पण त्यात एक प्रसंग होता. घर सोडून गेलेला बाप खूप वर्षांनी मुलीच्या दारात येतो. बापाची वाक्यं मोजकीच, पण चेहरा पूर्ण. फुलदाणी नाही, आडनावं नाहीत. दिग्दर्शकाने भावोजींना क्यू द्यायला कित्येकदा उभं केलेलं होतं. तो म्हणाला, "समोरचे, या वेळी तुम्ही कॅमेऱ्यापुढे या."

भावोजींनी घरी येऊन हे सांगितलं आणि वर एक पुस्ती जोडली. "या वेळीही खांदाच निघाला, तर मी सोडणार. मित्राचं कागदांचं दुकान आहे. तो कधीचा म्हणतोय, गल्ल्यावर बस." हे त्यांनी हसत सांगितलं. ताई हसली नाही. मला आत नेऊन म्हणाली, "गल्ल्यावर बसतील गं. तेही काम नीट करतील. पण मग संध्याकाळी मी कुणासाठी वाचू?" माझी ताई असलं कधी बोलत नाही. मला भीती वाटली ती तेव्हा.

बापाचा कोट माझ्याकडून शिवून घ्यायचा असं भावोजींनी युनिटला सांगितलं होतं. शिवणकाम हा माझा धंदा. मी माणसांची नावं विसरते, चेहरे विसरते, खांदे विसरत नाही. भावोजींचे खांदे सरळ, एका पातळीत, म्हणून तर कुणाच्याही कोटात बसतात. ताईचं तसं नाही. तिचा डावा खांदा बोटभर खाली आहे. लहानपणी तिने मला त्याच बाजूला कडेवर वागवलं, म्हणून तो खाली गेला, असं आई म्हणते. मी काही इतकी जड नव्हते. पण ताईचं काहीही शिवताना मी त्या बाजूला आतून एक घडी जास्त घालते आणि तिला सांगत नाही.

चित्रीकरणाच्या दिवशी कोटाची बाही सैल वाटली म्हणून मला बोलावलं. ताईची सुट्टी होती, तीही डबा घेऊन आली. भाड्याचं जुनं घर होतं. दारासमोर जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या, कोणी कुठे उभं राहायचं त्याच्या. खिडकीतून येणारं ऊन दिग्दर्शकाला त्या प्रसंगात हवं होतं, आणि ऊन काही कुणाच्या पगारावर नसतं. त्यामुळे सगळे घाईत.

आधी नायिकेचा चेहरा घ्यायचं ठरलं, कारण तिला दुसरीकडे जायचं होतं. भावोजी कॅमेऱ्याशेजारी उभे राहिले आणि त्यांनी बापाची वाक्यं म्हटली. या वेळी ती त्यांची स्वतःचीच होती. मी दोरा ओवत होते, तो ओवायचाच राहिला. नायिका इतकी रडली, की तिला खुर्चीवर बसवून पाणी द्यावं लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने डोळे पुसले, अंगावरची शाल काढून खुर्चीवर टाकली, "समोरचे, तुम्ही ग्रेट आहात," असं म्हणाली आणि गाडीत बसून गेली.

आता कॅमेरा फिरला. दिवे फिरले. भावोजी पट्टीवर जाऊन उभे राहिले, माझा कोट घालून. दिग्दर्शकाने कॅमेऱ्यातून बघितलं, मान वर केली आणि सवयीने ओरडला, "चला, क्यू द्यायला समोरच्यांना बोलवा!"

"समोरच्यांना बोलवा!" सहायक ओरडला. "समोरचेऽ!" बाहेर कुणीतरी ओरडलं. एकजण जिन्याकडे धावला, एकजण चहाच्या टेबलाकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी कॅमेऱ्यासमोरून भावोजीच म्हणाले, "आलो," आणि खरोखर पट्टी सोडून कॅमेऱ्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. मग त्यांचं त्यांच्याच लक्षात आलं. सगळे खो खो हसले. मीही हसले. ताई डब्याचं झाकण घट्ट करत बसली होती.

हसणं संपल्यावर अडचण कळली. त्या अख्ख्या युनिटमध्ये क्यू देता येणारा माणूस एकच होता, आणि आज त्यालाच क्यू हवा होता. आधी सहायक उभा राहिला. त्याने वेळापत्रक वाचलं. तो वाचत होता आणि भावोजींचे ओठ हलत होते. मुलीचं वाक्य तेच मनातल्या मनात नीट करून म्हणत होते! शिवाय बोलता बोलता ते हळूहळू कडेला सरकायचे. मान वळायची, चेहरा आत जायचा, खांदा बाहेर यायचा. त्यांचं अंग समोरच्याला वाट करून द्यायला शिकलेलं. समोर कुणी नव्हतं तरी ते वाट देत होतं.

"समोरचे, चेहरा! चेहरा द्या!" दिग्दर्शक म्हणाला.

"हो, हो," भावोजी म्हणाले आणि पुन्हा खांदा दिला.

मग मेकअपमन पुढे आला. त्याला वाटत होतं आपल्यातही एक नट आहे. त्याने मुलीचं काम असं केलं, की दाराच्या चौकटीला मिठी मारली आणि स्वतःच हुंदके देऊ लागला. भावोजींना त्याची दया आली. ते आपलं वाक्य विसरून त्याला सावरायला गेले.

ऊन खिडकीच्या खालच्या काठाशी आलं होतं. दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता. त्याने भावोजींच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "असं करू या. तुमच्या मागून घेऊ. बाप पाठमोरा. आवाज तुमचा आहेच, आवाजच पुरे. उलट जास्त छान वाटेल."

"चालेल ना," भावोजी म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं." आणि त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं. मी शिवलेल्या कोटाचं बटण कुणी कसं काढतं यावरून मला माणूस कळतो. ते घरी निघालेल्या माणसासारखं काढलं होतं.

ताई उठली. तिने डबा माझ्या हातात दिला, पर्समधून चष्मा काढला आणि सहायकाच्या हातातला कागद घेतला. कुणाला काही विचारलं नाही. कॅमेऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. "कुठून वाचायचं?" तिने विचारलं.

"आपण कोण?" दिग्दर्शक म्हणाला.

"मी घरची," ताई म्हणाली.

दिग्दर्शकाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा उन्हाकडे. मग त्याने खुर्चीवरची शाल उचलून ताईच्या अंगावर घातली आणि तिला धरून दोन पावलं पुढे सरकवलं. "इथे उभ्या राहा. थोडा खांदा आला तरी हरकत नाही, मुलीचा म्हणून चालून जाईल. एकदाच घेतोय. नंतर ऊन नाही."

भावोजी पट्टीवर आले. सवयीने त्यांची मान वळायला लागली.

"अहो," ताई म्हणाली, "तिकडे कुठे बघताय? माझ्याकडे बघा."

ते बघायला लागले.

ताईने वाचायला सुरुवात केली. तोच आवाज. शेंगा सोलतानाचा. "कोण पाहिजे ती दार अर्धवट उघडते." सहायकाने कपाळाला हात लावला. भावोजींचे ओठ या वेळी मिटलेले होते. ते फक्त बघत होते, आणि ताई चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांनी आपलं नाव सांगितलं. सिनेमातल्या बापाचं नाव, पण स्वतःचंच असल्यासारखं, जरा लाजून.

"इतक्या वर्षांनी ती दाराला टेकते," ताईने वाचलं.

"हो. जरा उशीर झाला," भावोजी म्हणाले. एवढंच वाक्य होतं. ते म्हणताना ते हसले आणि त्यांचे डोळे भरून आले, आणि डोळे भरल्याचं त्यांना कळलंही नाही.

शेवटचं वाक्य मुलीचं होतं. "राहणार आहात की जाणार आहात?" ताईने तेही तसंच वाचलं. आत्ता जेवणार की थांबणार, तसंच.

बापाचं उत्तर मी त्या दिवशी आधीही ऐकलं होतं, पण ते कुणाचं आहे, ते मला तेव्हा कळलं.

"तू म्हणशील तसं," भावोजी म्हणाले.

ऊन गेलं तेव्हा कुठे दिग्दर्शक 'कट' म्हणाला. मी डबा छातीशी धरून मुसमुसत होते. मेकअपमन माझ्याशेजारी उभा राहून रडत होता आणि मध्येच म्हणाला, "मी हेच करत होतो, फक्त जरा जास्त."

सिनेमा लागला तेव्हा आम्ही चौघं गेलो. आई मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ताई आणि भावोजी. तो प्रसंग येईपर्यंत भावोजींनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की मला खुर्चीची काळजी वाटली. कापलेला तर नसेल? वरून यादी तर सरकणार नाही ना?

दार उघडलं. आणि पडदा भरून भावोजी आले. कपाळ, डोळे, नाक, हनुवटी, सगळे. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पिशवीतून रुमाल काढला. मी आईकडे बघितलं. ती पुढे वाकून डोळे बारीक करून बघत होती. इतक्या वर्षांनी जावयाचं तोंड बघायला मिळालं होतं. आता काय म्हणते, म्हणून मी कान टवकारले.

"अगं," आई मोठ्यांदा म्हणाली, "हा तर आपल्या थोरलीचा खांदा!"

"शूऽ" मागून कुणीतरी म्हणालं.

"शू काय? माझी मुलगी आहे ती!" आईने मागे वळून सुनावलं आणि माझा हात धरला. पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "बघ ना, शालीखाली बोटभर खाली गेलाय. तुला वागवून वागवून."

मला पुढचं काही दिसलं नाही. डोळे पुसेपर्यंत प्रसंग संपला होता.

बाहेर आल्यावर दोन अनोळखी माणसं भावोजींकडे बघून कुजबुजली. एकजण जवळ येऊन, "ते दारातले वडील तुम्हीच ना?" असं विचारून गेला. कागदांच्या दुकानाचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही. पण त्या क्षणी भावोजींना त्या कुजबुजीशी घेणंदेणं नव्हतं. ते आईसमोर येऊन उभे राहिले, परीक्षेचा निकाल विचारायला आल्यासारखे.

"आई, या वेळी दिसलो ना?"

आईने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही ही गोष्ट तिच्या प्रथमच लक्षात येतेय.

"तुम्ही होतात होय त्यात?" ती म्हणाली. "खरं सांगू? मी आपली पोरीकडेच बघत बसले."

मला वाटलं, भावोजींचा चेहरा पडणार. पण ते हसले, सिनेमातल्यासारखे, डोळे भरून.

"आई," ते म्हणाले, "मीही तिच्याकडेच बघत होतो."

ताईने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, पर्स खांद्याला लावली आणि त्याच सपाट आवाजात विचारलं, "चालत जायचं की गाडी बघायची?"

भावोजी काय म्हणाले ते सांगायला नको. आम्ही चालत निघालो.